शंभर फोटोंतलं घर

तुळशीपासून हातभर अंतरावर कुर्लीचं, खेकड्याचं, नवं बीळ होतं. तोंड बांगडीएवढं, कडा स्वच्छ. बाहेर टाकलेल्या वाळूच्या गोळ्या दोन रंगांच्या होत्या. आधी खणलेल्या, लांब भिरकावलेल्या गोळ्या कोरड्या आणि फिकट. शेवटच्या, बिळाच्या तोंडाशीच पडलेल्या, ओल्या आणि काळपट. विशाखाने झावळीचा एक हीर घेतला, बिळात हळूच सोडला आणि वर काढला. वीतभर भाग ओला होता. तिने टोक जिभेला लावलं. खारट.

वाळूतली पांढरी कुर्ली गरजेपेक्षा जास्त खणत नाही. कल्ले भिजतील एवढी ओल लागली की थांबते. विशाखाच्या लहानपणी या कुर्ल्या भरतीच्या रेषेजवळ राहत. त्यांच्यामागे धावत पोरं घरापासून इतकी लांब जात की जेवायला हाका मारून आयांचे घसे बसत. आता कुर्लीला तिच्या खळ्यातच, घरापुढच्या अंगणातच, समुद्र सापडत होता.

"गो, त्या कुर्लेक कित्याक सतावतंस?" आतून आईचा आवाज आला. "पावणे येवचे आसत. केस तरी विंचर."

"येतंय, आये," म्हणत विशाखा उठली. हीर तिने फेकून दिला, पण ओल्या भागाची लांबी मनात नोंदवून.

साळगेदांडा म्हणजे समुद्र आणि खाडी यांच्यामध्ये पडून राहिलेली वाळूची लांबट पट्टी. तिच्यावर माडांची एक रांग आणि गाबतांच्या, मासेमारांच्या, घरांची एक रांग. खाडीवरच्या पुलापलीकडे जमीन एकदम उंच होत जायची. वर सडा, काळ्या कातळाचा, उघडा, वाऱ्याचा. दांड्यावरच्या माणसांनी तो पिढ्यान्‌पिढ्या खालूनच पाहिला होता. त्यांचं सगळं खाली होतं. घरं, देऊळ आणि रापण.

रापण एकट्यादुकट्याची नव्हे. होडीतून लांबलचक जाळं समुद्रात अर्धगोल सोडायचं, त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावर आणायची आणि साऱ्या वाडीने दोरीला लागून ते ओढायचं. मासळीचे वाटे पडत, घरटी एक. विशाखाच्या पणज्याने नियम घालून दिला होता: वाटा घराचा. दांड्यावर जोवर चूल पेटते तोवर त्या घराला वाटा. चूल उठली, घर दुसरीकडे गेलं, की वाटा गेला. तेव्हा त्याला अर्थ होता. किनाऱ्याला मासळी लागली की आरोळी उठायची, आणि आरोळी ऐकू येईल एवढ्या अंतरावर माणसं हवी होती. आता रापणीचे तांडेल, म्हणजे म्होरके, विशाखाचे वडील होते, आत्माराम कुबल. नियम तोच होता.

आणि त्या नियमामुळे, २०४३ सालच्या त्या श्रावणातही, दांड्यावरून एकही घर हललं नव्हतं.

विशाखा कोल्हापुरात भौतिकशास्त्र शिकली होती. नंतर एका संशोधन संस्थेसाठी तिने किनाऱ्यावरच्या वाड्यांचे फोटो काढले: रापण ओढणारे हात, सुकत घातलेला जवळा, होडीला डांबर लावणाऱ्या बाया, होळीच्या खेळातली सोंगं. जे नाहीसं होण्याच्या वाटेवर आहे ते टिपून ठेवायचं, एवढाच हेतू होता. याच कामात तिला तो कॅमेरा भेटला, आणि आता बाजारात स्टुडिओ थाटून तीच तो चालवत होती.

कॅमेरा खांबावर बसवायचा आणि महिनोन्‌महिने लाटा बघत ठेवायचा. लाट उथळ पाण्यात शिरली की तिचा वेग कमी होतो. किती कमी होतो हे पाण्याच्या खोलीवर ठरतं. म्हणजे लाटांचा वेग मोजला की न बुडता तळाचा उंचसखलपणा कळतो. एका महिन्याचा तळ दुसऱ्या महिन्याच्या तळाशी ताडून पाहिला, की वाळू कुठून कुठे चालली आहे तेही कळतं. त्यात चढत जाणारी समुद्राची पातळी मिळवायची, नद्यांतून येईनाशी झालेली वाळू वजा करायची आणि वादळं सोडायची. कोणतं वादळ कोणत्या साली येईल हे कुणालाच ठाऊक नसतं, म्हणून यंत्र तोच हिशेब शंभर वेळा करायचं, दर वेळी वेगळी वादळं घेऊन. शेवटी प्रत्येक हिशेबाचं चित्र काढायचं: त्याच जागेवरून, तशाच उजेडात, सावल्यांसकट. सतरा वर्षांनंतरच्या किनाऱ्याचे शंभर फोटो.

शास्त्रज्ञांना शंभर हवे होते. लोकांना एक हवा होता. मग कुणीतरी मोबाइलवर मधला एक दाखवायची सोय केली आणि किनाऱ्यावर त्याला नाव पडलं, पुढचा फोटो.

फोटो ही झालेल्या गोष्टीची साक्ष, ही माणसांची सवय दोनशे वर्षांची. न झालेल्या गोष्टीचा फोटो समोर आला तरी डोळ्यांनी जुनीच सवय चालवली. शेजारच्या वाडीतल्या एकाने फोटो वाईट आला म्हणून घराची शांत करून घेतली आणि परत काढायला सांगितला. प्रभाकाकीने फोटोच्या आदल्या दिवशी घराला चुना काढला, पुढे बरं दिसावं म्हणून. दिसलंही बरं. पांढऱ्याशुभ्र भिंती, खिडक्यांपर्यंत पाण्यात.

त्यातून लग्नं मोडू लागली. मुलाकडचं घर बघायला येणारी माणसं आधी पुढचा फोटो मागू लागली. त्याला नाव पडलं, घराची पत्रिका.

आज विशाखाच्या धाकट्या भावाला, यतीनला, बघायला पाहुणे येणार होते.

मुलीचे मनोहर मामा आले ते घामाने डबडबून. खळ्यात पाय ठेवताच त्यांनी टाच दाबून वाळू तपासली. मागून त्यांची भाची मैथिली आली. चपला काढताना ती हसली.

"मामा, घर बघूक इलास काय भुईमूग पेरूक?"

"तू गप ऱ्हव. हेच्या आदी दोन घरां बघितली. एक फोटोत पाण्यात. दुसरा फोटोत नायच, नुसतो माड."

"माडार नारळ तरी होते मां?" यतीनने विचारलं. मैथिलीने खाली मान घालून हसू दाबलं. बापाने यतीनकडे नुसतं पाहिलं आणि तो लाडवांचं ताट आणायला आत पळाला.

चहा झाला. खटखट्या लाडवाचा एक तुकडा दाढेखाली फोडत मामा मुद्द्यावर आले. "झील बरो. माणसां बरी. आता घराची पत्रिका दाखवा, म्हंजे काय ता ठरवया."

"मशीन बिघडलेला आसा," आई घाईने म्हणाली.

"मशीन तुमच्याच चेडवाचा, नि तुमच्याच घराचो फोटो नाय? आमका खुळे समाजलास काय, वयनी?"

सगळ्यांनी विशाखाकडे पाहिलं. वडील तेवढे माडाकडे पाहत होते.

"काम चालू आसा, मामा," विशाखा म्हणाली.

हे वाक्य ती वैशाखापासून सगळ्यांना ऐकवत होती. काम वैशाखातच संपलं होतं. शंभर फोटो बाजारातल्या तिच्या स्टुडिओत होते.

आईने तिला हाताला धरून चुलीपाशी नेलं. "खरा सांग. शंभरात एक तरी बरो आसात?"

"बरे आसत गो. पंचविसेक आसत."

"पंचवीस!" आईचा चेहरा उजळला. "मगे त्यातलो एक दी तेंका. तो काय खोटो न्हय."

खोटा नव्हताच. हीच तर अडचण होती. त्यातला एक विशाखाने इतक्यांदा पाहिला होता की डोळे मिटले तरी दिसायचा: संध्याकाळचं ऊन, जागच्या जागी तुळस, पडवीच्या कठड्यावर टाकलेलं जाळं. यंत्राने तो इतरांएवढ्याच प्रामाणिकपणे काढला होता. तो एक हातात ठेवायचा आणि बाकीच्यांबद्दल गप्प बसायचं. यतीनचं लग्न होईल. आईची झोप परत येईल. एकही शब्द खोटा न बोलता.

ती बाहेर आली तेव्हा मैथिली किनाऱ्याकडे निघाली होती. "ताई, येतास काय? तुमचो दर्या बघतंय."

दोघी लाटांच्या कडेने चालू लागल्या. श्रावणातला समुद्र गढूळ होता. एका माडाची मुळं उघडी पडली होती. मैथिलीने थांबून त्यांना हात लावला.

"आमच्या घराकडचे असेच होते," ती म्हणाली. "मगे गेले."

"तुमी कुडाळचे न्हय?"

"आता कुडाळचे. आदी आमी दर्याच्या वेळेर ऱ्हवत होतव, वाळयेर, तुमच्यासारखे. आमच्या वाडयेचोय फोटो काढल्यानी. पयल्यांदा हे फोटो निघाले तेव्हा. सगळ्यांका देवळात जमवन दाखवल्यानी. सगळ्यांनी बघितल्यानी, नि मगे घराक जावन जेवले."

"नि?"

"नि काय नाय. कोण कायच बोललो नाय. आजो बोललो नाय म्हणान बापूस नाय, बापूस नाय म्हणान काको नाय. पाच वर्सां. मगे एका वादळात आमी अंगावरच्या कपड्यांनी पुलार उबे होतव. आता त्या वाडयेतली माणसां खंय खंय आसत, माका म्हायत नाय. लग्नाक बोलवूक पत्तो नाय कोणाचो." तिने मुळांवरून हाताला चिकटलेली वाळू झटकली. "मामाक फोटो व्हयो. माका नको. दर्या काय करतलो ता माका म्हायत आसा, ताई. तुमी काय करतलास, ता सांगा."

विशाखाकडे फक्त पुढच्या सतरा वर्षांच्या लाटांचा हिशेब होता. 

पाहुणे गेले. विशाखा स्टुडिओत गेली, शंभरही फोटो पोस्टकार्डाएवढ्या कागदांवर छापले आणि दुपारी रापणीच्या मांगरात, जाळी ठेवायच्या झोपडीत, आली. वडील एकटेच जाळ्याची भोकं सांधत बसले होते.

"फोटो नको दाखव," ते वर न बघता म्हणाले. "मेल्या माणसाचो फोटो भिंतीर लावतत. घर अजून जिता आसा."

"एक न्हय, बाबा. सगळे हाडलंय."

तिने पसरलेल्या जाळ्यावर फोटो मांडायला सुरुवात केली. वडिलांची सुई थोडा वेळ चालत राहिली, मग मंदावली, मग थांबली.

"ह्यातलो खरो खंयचो?"

"खरो एकय नाय. खोटोय एकय नाय."

"ह्यां काय बोलणा?"

"बाबा, पाण्यार सावळी दिसली की तुमी रापण सोडतास. खाली बांगडो आसतलोच, असा दर्यान कधी लिवन दिल्लो आसा?"

"नाय. पण दहातले सात वेळा गावता. तेवढा पुरे." बोलून झाल्यावर ते तिच्याकडे बघत राहिले.

मग त्यांनी एक फोटो उचलला. दुसरा उचलला. विशाखाने घर शाबूत असलेले पंचवीस वेगळे काढून त्यांच्यासमोर ठेवले. त्यांच्या चेहऱ्यावर आईच्या चेहऱ्यावरचाच उजेड आला आणि तो विझायच्या आत तिने सांगायचं ते सांगितलं.

"ह्या पंचवीसांत घराच्या फुड्यात बघा. दगडी बंधारो आसा. सगळ्यांत."

सरकारी बंधारा होईल की नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून यंत्राने काही हिशेबांत तो धरला होता, काहींत नाही. किनारा ही एका जागी राहणारी वस्तू नाही. मागे सरकायला जागा असली तर तो आपली वाळू घेऊन मागे सरकतो आणि नव्या जागी पुन्हा किनारा होतो. भिंत आडवी आली की लाट तिच्यावर आपटते आणि परतताना पायथ्याची वाळू खेचून नेते. घर वाचतं. वाळू जाते.

वडिलांनी एकेक फोटो डोळ्यांजवळ धरून तपासला. घर, बंधारा, आणि बंधाऱ्याला थेट भिडलेलं पाणी. होडी लावायला जागा नाही. दोरी ओढायला पाय रोवावा तर कुठे?

"हेत रापण नाय," ते म्हणाले.

"नाय."

"नि बाकीच्यांत?"

"बाकीच्यांत घर नाय. पण बऱ्याच फोटोंत वाळयेची वेळ आसा, बाबा. मागे. आता आमचा खळा आसा थंय."

त्यांनी बाकीचे फोटो गुडघ्यावर घेतले. बराच वेळ ते त्यातली वाळू बघत होते, तिचा उतार, तिची रुंदी. मांगरात डांबराचा आणि सुक्या मासळीचा वास कोंडला होता.  बोलायचं ते विशाखाने मांडून ठेवलं होतं.

"घर उठला तर वाटो उठता," ते अखेर म्हणाले. "माझ्या आज्याचो नियम."

"आरोळी आयकाक येवची म्हणान केल्लो. आता आरोळी फोनार जाता. सड्यारसून माणसां पुलार येयसर तुमची होडी अर्दी वाट गेल्ली नसतली."

"बघूया."

"सड्यार जावया म्हटला की तीन वर्सां 'बघूया' म्हणतास."

"म्हणतंय!" त्यांचा आवाज चढला. "तुझो फोटो चुकलो तर तू दुसरो काढशीत. माझ्या एका शब्दान आख्खी वाडी उठतली. तो शब्द चुकलो तर मी खंय जावन तोंड दाखवू?"

या माणसाला तिने भर वादळात होडी परत आणताना पाहिलं होतं. आता तो गुडघ्यावरचे फोटो एकेक करून उलटे ठेवत होता.

"चुकात," विशाखा म्हणाली. "माझोय चुकात. म्हणान एकट्यान बोलाचा नाय."

त्यांनी फोटो एकावर एक नीट रचले, तिच्या हातात दिले आणि सुई पुन्हा उचलली.

त्या संध्याकाळी तिने शंभरही फोटो मनोहर मामांना पाठवून दिले. बंधाऱ्याचे, बिनबंधाऱ्याचे, सगळे. खाली लिहिलं, यातला एकच निवडून देणं मला बरोबर वाटत नाही. मामांचा फोन लगेच आला.

"शंभर? आमी लगीन ठरवतव काय क्यालेंडर छापतव? माका होय की नाय ता सांग."

"ता माका सांगूक येवचा नाय, मामा."

"मगे आमचाय नाय," म्हणून त्यांनी फोन ठेवला. आईने दोन दिवस विशाखाशी बोलणं टाकलं.  यतीन नुसता होडीला पुन्हा पुन्हा रंग देत राहिला. तिसऱ्या दिवशी मैथिलीचा निरोप आला: पौर्णिमेक मी येतंय. मामाक म्हायत आसा. रागावलो आसा.

नारळी पौर्णिमेला नवी रापण सोडण्याआधी तांडेल किनाऱ्यावर उभा राहून गाऱ्हाणं घालतो. देवाला मोठ्याने, सगळ्यांसमक्ष सांगायचं. प्रत्येक वाक्याला वाडीने एका सुरात होकार द्यायचा. गाऱ्हाण्यात बोललेलं मागे घेता येत नाही. कारण ते देवाला सांगितलेलं असतं, आणि त्याहून जास्त म्हणजे सगळ्यांनी ऐकलेलं असतं.

विशाखा दर वर्षी याचे फोटो काढायची. तशीच आजही ती थोडी बाजूला, ओल्या वाळूत, कॅमेरा डोळ्याला लावून उभी होती. चौकटीत वडील होते, नारळ हातात, डोकीला टोपी. त्यांच्यामागे पुरुषांचा अर्धगोल, बायांचा घोळका. घोळक्याच्या टोकाला मैथिली होती. तिच्यापासून चार पावलं दूर, कुणाच्याच बाजूचे नसल्यासारखे, मनोहर मामा.

"बा रवळनाथा, दर्याच्या राखणदारा! आज ही तुझी लेकरां नारळ घेवन तुझ्या पायाकडे उबी आसत म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"वर्साचो दर्या खवळलेलो, तो शांत कर. होडयेक वाट दी, जाळ्याक मासळी दी, दोरयेक लागल्या हाताक बळ दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

इथे गाऱ्हाणं संपायचं आणि नारळ पाण्यात जायचा. वडिलांनी हात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला. 

"बा म्हाराजा, माझ्या आज्यान तुझ्यासमोर नियम केल्लो. वाटो घराचो. आज मी, त्येचो नातू, तुझ्यासमोर तो बदलतंय. आजपासून वाटो माणसाचो! जो दोरयेक हात लावतलो, तो खंयय ऱ्हवांदे, दांड्यार नायतर सड्यार, तेका वाटो गावतलो म्हाराजा!"

"व्हय म्हा..." दोन-चार आवाज सवयीने उठले आणि वाटेतच थांबले. माणसं एकमेकांकडे बघू लागली. म्हातारा तांडेल काय बोलला हे सगळ्यांना कळलं होतं. आणि होकार देणं म्हणजे काय, हेही. वाट्यासाठी दांड्याला धरून राहायचं कारणच उरत नव्हतं; जो आधी होय म्हणेल त्याने घर सोडायचं कबूल केलं. प्रभाकाकीने पदर तोंडावर घेतला. यतीन बापाकडे बघत होता. कुणी खोकलं. एक लाट आली, वडिलांच्या घोट्यांवरून गेली, परत गेली. नारळ त्यांच्या हातातच होता. होकार आल्याशिवाय तो सोडता येत नाही.

चौकट अचूक होती. उजेड चांगला होता. विशाखाने बटण दाबलं नाही. तिने कॅमेरा खाली केला, चपला काढल्या आणि चालत जाऊन वडिलांच्या शेजारी पाण्यात उभी राहिली. गाऱ्हाण्याला एकट्या बाईने उत्तर दिल्याचं दांड्यावर कुणाला आठवत नव्हतं. तिला स्वतःलाही मोठ्याने बोलल्याचं आठवत नव्हतं.

"व्हय म्हाराजा!" ती म्हणाली, शेवटच्या माणसापर्यंत पोचेल एवढ्या आवाजात. "दिवाळेच्या आदी कुबलांचा घर सड्यार जातला. पयली चूल आमची उठतली."